सात मतं

१४ फेब्रुवारी २०२२. पहाटे सव्वापाच वाजता मी आमच्या गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. खिशात पोलिंग एजंटचं नियुक्तीपत्र, मतदार ओळखपत्र आणि दोन पेनं, हातात घरून आणलेला चहाचा थर्मास. आत केंद्राध्यक्ष लाख, मेणबत्ती आणि शिक्का टेबलावर मांडत होते. त्या बाकावर बसायची ही माझी पाचवी विधानसभा निवडणूक. २००२ साली पहिल्यांदा बसलो तेव्हा पक्षातल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं शिकवलं होतं, यादीतल्या नावावर खूण करताना माणसाच्या तोंडाकडे बघ, मत कुणाला पडणार ते तिथंच कळतं. वीस वर्षांत मला ते बऱ्यापैकी कळू लागलं होतं.

समोरच्या पक्षाचा एजंट आला. तो माझ्या वर्गातला, त्यामुळे आमचं रामराम झालं. मागोमाग माझा पुतण्या आत आला, थोरल्या भावाचा मुलगा, वय सव्वीस. त्याच्या हातातही तसंच नियुक्तीपत्र होतं. नव्या पक्षाचं, रेव्होल्युशनरी गोवन्सचं, फुटबॉल निशाणीचं. तो त्यांच्याबरोबर हिंडतो हे मला माहीत होतं. पण एजंट म्हणून माझ्याच बाकावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. तो शेजारी टेकला आणि म्हणाला, "काका, च्या आसा?" मी थर्मासच्या झाकणात त्याला चहा ओतून दिला.

मतदारसंघाचं आणि उमेदवारांचं नाव मी लिहिणार नाही, माझ्या पक्षाचंही नाही. मतदारसंघ उत्तर गोव्यातला, खाणपट्ट्याला लागून असलेला. आमच्याकडे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार मतदार. सगळ्या गोव्यात मिळून साडेअकरा लाखांच्या थोडे वर मतदार आणि ४० आमदार. एवढ्याशा जागेत कोण कुठे राहतो, कुणाचा मुलगा कुठे लागला, कुणाच्या घराचं छप्पर कुणी घालून दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून इथे शंभर मतंसुद्धा फार असतात. आणि म्हणूनच बाहेरून कुणी आला की जुन्या पक्षांच्या पोटात गोळा येतो.

या वेळचा तो बाहेरचा म्हणजे नव्या पक्षाचा उमेदवार, राजकारणाबाहेरचा. आमच्याच तालुक्यातला मुलगा, तिशीतला. ना कधी पंच झालेला, ना कुणा आमदाराची पिशवी धरलेली. त्याचं सगळं भांडवल म्हणजे फोनवरचे व्हिडिओ आणि खणखणीत आवाज. बोलायचा कोंकणीत, मांडणी सोपी: नोकऱ्या आपल्या, जमिनी आपल्या, आणि आपल्याला कुणी विचारत नाही. त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्याचा गाभा 'पोगो' विधेयक होतं, म्हणजे 'पर्सन ऑफ गोवन ओरिजिन'. ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले ते मूळ गोंयकार, सरकारी नोकऱ्या आणि सवलती आधी त्यांना. बाकीचे भायले, म्हणजे बाहेरचे.

पोरं त्याच्याकडे का गेली हे समजायला मला माझ्या भावाच्या घराबाहेर जावं लागलं नाही. भावाचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली, १६ मार्चपासून उत्खनन थांबलं, आणि दोन्ही टिप्पर घरामागच्या फणसाखाली उभे राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या चाकांतून रानवेल वर आली. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पुतण्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला, अकरा महिन्यांनी घरी. परत दुसरीकडे, परत घरी. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटीच्या जागेवरून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो मित्रांबरोबर तिकडे गेला. सरकारनं तो प्रकल्प तिथून हलवायचं ठरवलं त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाला, "काका, पाहिलंत? लोक उभे राहिले की होतं." मी पक्षाचा माणूस असून त्याला दाखवायला माझ्याकडे तसं एकही उदाहरण नव्हतं.

उलट दाखवण्यासारखं जे होतं त्यानं मान खाली जायची. २०१७ ला काँग्रेसचे १७ आमदार निवडून आले, भाजपचे १३, आणि सरकार बनवलं १३ वाल्यांनी. मार्च २०१९ मध्ये मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, तीनपैकी दोन आमदारांनी रातोरात पक्ष सोडला. जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी दहा जण एकदम भाजपमध्ये गेले. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रॉस आणि दर्ग्यासमोर नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या, तेव्हा लोक आमच्या दुकानात पेपर वाचत म्हणायचे, शपथ घालावी लागते यातच सगळं आलं. आणि आमच्या पक्षानं आमच्या मतदारसंघात काय केलं? तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला तिकीट दिलं. वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेला आमचा गटाध्यक्ष त्या बैठकीतून न जेवता उठून गेला.

घराघरांत फिरताना पुतण्याच्या वयाची पोरं एकच प्रश्न विचारायची. "तुमचो उमेदवार खंयचो?" म्हणजे कुठल्या पक्षाचा, कालचा की आजचा. आम्ही म्हणायचो, माणूस चांगला आहे. ती मान हलवायची आणि स्लिप घ्यायची.

वरच्या वाड्यावर एक आजोबा आहेत, नव्वदीला टेकलेले. त्यांनी मला अंगणात बसवून १९६३ ची गोष्ट ऐकवली. मुक्तीनंतरची पहिली निवडणूक. केंद्रात नेहरू, गोवा मुक्त केला तो त्यांच्या सरकारनं, आणि तरी गोव्यातल्या २८ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. काँग्रेसनं तिकिटं दिली ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ओळखीतल्या लोकांना, आणि कुळं-मुंडकार गेले मगोच्या सिंहामागे. दयानंद बांदोडकर, म्हणजे आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात ते, खाणमालक, राजकारणात नवे, मुख्यमंत्री झाले. आजोबांनी कुळकायद्याचा कागद अजून पेटीत ठेवला आहे. ते म्हणाले, "त्यावेळीही शहरातले लोक म्हणत, हा पक्ष चार दिवसांचा." मी म्हटलं, आजोबा, भाऊसाहेबांनी कुळाला कायद्याचं संरक्षण दिलं, कुणाचं नाव यादीतून काढा म्हणून मतं नाही मागितली. त्यावर ते गप्प राहिले आणि पान लावू लागले.

आता मी जे लिहायला बसलो तिकडे येतो.

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, बाजारात, पंचायतीच्या खाली. पक्षाची गावपातळीवरची सगळी पत्रकं गेली पंधरा वर्षं माझ्याच दुकानात लागतात. कोविडमुळे त्या वेळी मोठ्या सभांवर बंधनं होती, त्यामुळे पत्रक आणि फोन यांवरच प्रचार. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या उमेदवाराचे लोक घाबरले. फुटबॉलवाल्याचे व्हिडिओ वाड्यावाड्यांवर फिरत होते. एका रात्री साडेनऊला तिघं जण दुकानात आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि हातानं लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला. रस्ता, पाणी, खाण सुरू करणार, सगळं नेहमीचं. शेवटी एक नवं वाक्य होतं: 'नोकऱ्या आणि जमिनी आधी नीज गोंयकारांना. भायल्यांचा भार आता पुरे.'

मी विचारलं, हे आपलं कधीपासून झालं? त्यातला एक जण म्हणाला, "तो हेच बोलून आपली मतं खातोय. आपणही बोललो की पोरं परत येतील." माझे हात कीबोर्डवर होते. मला शाळेमागची चाळ आठवली. औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्यांची ती भाड्याच्या खोल्यांची चाळ, बहुतेक कर्नाटकातली माणसं, कित्येक घरं वीस-पंचवीस वर्षं जुनी. आमच्या पक्षाची सगळ्यांत घट्ट मतं तिथली होती, कारण त्यांची रेशनकार्डं, नळ, मुलांचे शाळाप्रवेश आमच्याच लोकांनी धावपळ करून दिले होते. हे सगळं आठवूनही मी ते वाक्य टाईप केलं. ठळक अक्षरात, कारण त्यांनी तसं सांगितलं. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता घालावा लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम. तळाशी मी माझ्या दुकानाचं नाव घातलं, प्रतींची संख्या घातली आणि मशीन सुरू केलं.

तीन दिवसांनी चाळीतली भाजीवाली बाई दुकानात आली. ती रोज सकाळी बाजारात पालेभाजी घेऊन बसते, मूळची बेळगावकडची. नवऱ्यामागे दोन मुली वाढवल्या. तिला कन्नड बोलता येतं, कोंकणी सफाईनं येतं, वाचता काहीच येत नाही. धाकटी मुलगी आमच्या गावातल्या मराठी शाळेत शिकली, तेव्हा नववीत होती. त्या मुलीनं पत्रक आईला वाचून दाखवलं होतं, पहिल्या ओळीपासून तळाच्या माझ्या दुकानाच्या नावापर्यंत. बाईनं चारपदरी घडी घातलेलं ते पत्रक काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, आमचं नाव काटणार काय?"

मी म्हटलं, नाही हो, ते निवडणुकीचं बोलणं असतं. तिनं पत्रक उचललं, परत घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि गेली. निवडणुकीचं बोलणं असतं, हे मी एका माणसाला तोंडावर सांगितलं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

मतदानाच्या दिवसाकडे परत जातो. मॉक पोलमध्ये, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीत, किमान पन्नास मतं टाकून बघायची असतात, प्रत्येक बटणावर आणि नोटावरही. आम्ही एजंटांनी आळीपाळीनं बटणं दाबली. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. माझ्या सवयीचं काम, मी उरकायला बघत होतो. पुतण्यानं मात्र फोनवर एजंटांची पुस्तिका वाचून ठेवली होती. प्रत्येक चिठ्ठी मोजली गेली की नाही, मोजल्यावर मशीनमधली मतं पुसली का, चिठ्ठ्यांवर मॉक पोलचा शिक्का मारला का, काळ्या लिफाफ्यात सील झाल्या का, प्रत्येक गोष्ट त्यानं विचारली. कंट्रोल युनिटचा नंबर त्यानं वहीत दोनदा लिहिला. हिरव्या कागदी सीलवर सही करताना त्याचा हात थोडा कापत होता. आमच्या पक्षाच्या कुठल्या पोरानं इतक्या आस्थेनं हे काम केलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो भाड्यानं आणलेला नव्हता, कुणी त्याला पेट्रोलचे पैसे दिले नव्हते. त्याच्याशी माझं पटत नव्हतं आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

सातला मतदान सुरू झालं. शाळेत दोन केंद्रं होती. आमच्या खोलीत गावचे वाडे, पलीकडच्या खोलीत मुख्यतः चाळ. दर वेळी चाळीतली माणसं सकाळी लवकर येतात, कारण त्यांना पाळीवर जायचं असतं. साडेसहापासून डबा हातात घेऊन रांग लावतात. त्या दिवशी साडेआठला मी पाय मोकळे करायला बाहेर आलो तर पलीकडच्या खोलीसमोर चार माणसं होती. दहाला सहा. बाराला आमच्या बाहेरच्या टेबलावरून पोरगा निरोप घेऊन आला, चाळीत गाडी पाठवली तर लोक म्हणतात नंतर येतो. भाजीवाली बाई दुपारी तीनच्या सुमारास आली. मास्क लावलेला, हातात केंद्रावर मिळालेला प्लॅस्टिकचा हातमोजा. माझ्याकडे बघितलं नाही. तोंडाकडे बघून मत ओळखायची माझी विद्या तिथे चालवायची गरज नव्हती.

आमच्या खोलीत नवी पोरं आली ती टोळीनं आली. पहिलं मत देणारी पाच-सहा जणं बोटावरची शाई एकमेकांना दाखवत पुतण्याकडे बघून हसली. सहा वाजता केंद्राध्यक्षांनी क्लोजचं बटण दाबलं, एकूण आकडा वाचला, आणि आम्हा तिघांना नमुना १७-क ची, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाची, प्रत सही करून दिली. घरी जाताना पुतण्या माझ्याच स्कूटरवर मागे बसला. रस्ताभर कुणी काही बोललं नाही. घराजवळ उतरताना म्हणाला, "काका, राग येऊ दी नाका."

१० मार्चला मतमोजणी. उत्तर गोव्याची मोजणी पणजीत आल्तिनोवर, सरकारी पॉलिटेक्निकमध्ये. मी मोजणी एजंट म्हणून गेलो. सकाळी आठला टपाली मतं, साडेआठपासून मशीन. आपण जाळीच्या अलीकडे, टेबल जाळीच्या पलीकडे. मशीन आणलं की आधी नंबर जुळवायचा, सील बघायचं, मग कर्मचारी रिझल्टचं बटण दाबतो आणि मशीन उमेदवाराच्या क्रमांकानं मतं दाखवत जातं. आपण जाळीला नाक लावून लिहायचं. हे काम शांतपणे होतं, बाहेरच्या फटाक्यांचा आवाज आत पोचत नाही.

आमच्या खोलीचं मशीन माझ्याच टेबलावर आलं. समोरचा पक्ष पुढे, ते अपेक्षित होतं. मग आम्ही. मग फुटबॉल. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. आमच्याहून सात मतं कमी. ज्या केंद्रावर मी वीस वर्षं बसलो, ज्या यादीतलं प्रत्येक घर मला तोंडपाठ, तिथे नव्या पक्षाला आमच्याहून सात कमी. जाळीच्या दुसऱ्या टोकाला पुतण्या उभा होता. त्यानंही वजाबाकी केली असणार.

थोड्या वेळानं पलीकडच्या खोलीचं मशीन आलं. २०१७ मध्ये तिथे आम्ही समोरच्या पक्षाच्या दुपटीनं होतो. या वेळी मागे. मतदानही गेल्या वेळेहून पुष्कळ कमी. आणि फुटबॉलला तिथे जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी मतं, जी पडणारच नव्हती. आम्ही मतदारसंघ हरलो तो थोडक्यात. त्या एका खोलीत आमची जेवढी मतं घटली, जवळपास तेवढ्याच फरकानं.

त्या दिवशी सगळ्या गोव्यातच असे चटका लावणारे आकडे होते. फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला, सांत आंद्रेत ७६ मतांनी, आणि तिथे तर फुटबॉलचाच उमेदवार, वीरेश बोरकर, निवडून आला. साखळीत मुख्यमंत्री ६६६ मतांनी वाचले. पणजीत उत्पल पर्रीकर अपक्ष उभे राहून ७१६ मतांनी हरले. वाळपईत नव्या पक्षाचे नेते मनोज परब दुसऱ्या क्रमांकावर आले. रेव्होल्युशनरी गोवन्सला एकूण नऊ टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि जागा एक. 'आप', म्हणजे आम आदमी पार्टी, त्याहून कमी मतांत दोन जागा घेऊन गेली, मगोही साडेसात टक्क्यांच्या आसपास राहून दोन. भाजपला तेहतीस टक्क्यांत ४० पैकी २० जागा. सर्वांत जास्त मतं घेईल तो जिंकला, ही आपली पद्धत. तीन-चार जणांत मतं वाटली गेली की तिसरा माणूस स्वतः न जिंकताही कोण हरणार ते ठरवू शकतो, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही.

आठवड्यानं तालुका कार्यालयात बैठक झाली. पंखा, बिस्किटं, आणि एकच वाक्य फिरून फिरून: फुटबॉलनं आपली मतं फोडली. गणित फळ्यावर मांडलं गेलं. त्याची मतं इतकी, आपण हरलो इतक्यानं, म्हणजे तो नसता तर आपण जिंकलो असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे गणित ऐकायला फार सुखाचं असतं, कारण त्यात आपलं काही चुकलेलं नसतं.

मी १७-क च्या प्रती आणि माझी वही नेली होती, २०१७ ची आणि २०२२ ची, केंद्रवार. मी उभा राहून सांगितलं की फुटबॉलची सगळी मतं आपली होती हे धरून चालता येत नाही. टिप्परवाल्यांच्या वाड्यावर आपण घटलो तसा समोरचा पक्षही घटला, जवळजवळ आपल्याइतकाच. देवळाकडच्या केंद्रावर तर त्यांचीच जास्त गेली. शिवाय पहिल्यांदा मतदान केलेली पोरं, आणि आधी मतदानालाच न येणारी काही घरं, माझ्या यादीत नावानिशी आहेत. माझ्या अंदाजानं त्याच्या तीन मतांतलं एक आपलं असेल. आणि मग मी चाळीच्या केंद्राचा आकडा वाचला. म्हटलं, इथे त्यानं काहीच नेलं नाही. इथली मतं आपण स्वतः घालवली. आपण त्याची भाषा उचलली आणि ती आपल्याच माणसांना ऐकवली. ज्या पोरांसाठी ते वाक्य लिहिलं त्यांनी मूळ दुकानातून माल घेतला, आणि जी माणसं आपली होती ती घरी बसली. पत्रक मी छापलं, माझं नाव त्याच्यावर आहे, म्हणून हे बोलायचं मलाच भाग आहे.

अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ म्हणाले, "भावना समजल्या." आणि पुढचा विषय घेतला.

दोन वर्षांनी लोकसभेला मी पुन्हा वही उघडून बसलो, या वेळी फक्त स्वतःसाठी. उत्तर गोव्यात श्रीपाद नाईक एक लाख सोळा हजारांनी जिंकले. मनोज परब यांची मतं ४५ हजारांच्या घरात, म्हणजे ती सगळीच्या सगळी दुसऱ्या क्रमांकाच्या रमाकांत खलपांना दिली तरी निकाल बदलत नव्हता. दक्षिणेत नव्या पक्षाच्या उमेदवारानं १८ हजारांवर मतं घेतली आणि तरी काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी निवडून आले. मतं फोडण्याचं गणित इतकं सरळ असतं तर दोन्हीकडे सारखं लागू पडलं असतं.

पुतण्याशी माझं आता जास्त बोलणं होतं. एकदा त्याला विचारलं, चाळीतल्या त्या मुलीला, जी तुझ्याच शाळेत शिकली, तिला तू भायली म्हणशील का? तो म्हणाला, तिला नाही काका, पण उद्या हजारोंनी येतील त्यांचं काय? मी म्हटलं, कायदा माणसाला बघून बदलत नाही, तुमच्या कायद्यात ती आणि उद्याचे हजार एकाच रांगेत. त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. टिप्पर अजून फणसाखालीच आहेत, आणि माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं उत्तर अजून नाही. पण तो ऐकून घेतो, आणि मीही.

पक्ष मी सोडलेला नाही. मात्र पत्रकाचा मजकूर आता आधी वाचतो आणि मग मशीन लावतो. एकदा परत पाठवला. दुसऱ्या दुकानात छापून आला.

परवा संध्याकाळी दुकान बंद करायच्या बेताला भाजीवालीची धाकटी मुलगी आली. अठरा पूर्ण झाली. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायचा होता, त्याला जोडायच्या कागदांच्या प्रती हव्या होत्या. मी जन्मदाखला काचेवर पालथा ठेवला. आमच्याच पंचायतीचा, आमच्याच सचिवाच्या सहीचा. जन्माचं ठिकाण, आमचं गाव. दोन प्रती काढल्या, अर्जातला पत्ता तिनं चुकीच्या रकान्यात लिहिला होता तो दाखवून दिला. नको म्हटलं तरी तिनं चार रुपये काउंटरवर ठेवले, कागद पिशवीत नीट घातले आणि विचारलं, "पावती कधी मिळते?"